बरा न होणारा न्यूमोनिया आणि न सापडणारी दुर्बीण : आरोग्य खात्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन

सविनय नमस्कार.

एकच पत्र आपल्या दोघांना लिहितोय, त्याला कारण आहे. ज्या मुलांबद्दल मला बोलायचंय ती आजारी पडली की आधी उपकेंद्रात येतात, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात. ही सगळी सार्वजनिक आरोग्य विभागाची. न्यूमोनिया बरा होईना की त्यांच्यातल्या काहींना श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघायची जी तपासणी (ब्रॉन्कोस्कोपी) लागते ती मात्र, असलीच तर, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असते आणि ते दुसऱ्या विभागाकडे. मूल एका खात्याचं, दुर्बीण दुसऱ्या खात्याची, आणि मधला दोनशे-तीनशे किलोमीटरचा रस्ता कुणाचाच नाही. माझं सगळं म्हणणं त्या रस्त्याबद्दल आहे.

मी मराठवाड्यात एका जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पावणेदोन वर्षांचा एक मुलगा आला. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की टोळीबरोबर कारखान्यावर जायचं, कोपीत राहायचं, एप्रिलला गावी परतायचं. डिसेंबरात मुलाला ताप आला, धाप लागली. कारखान्याजवळच्या दवाखान्यात पाच दिवस इंजेक्शनं झाली, ताप उतरला. जानेवारीत टोळी दुसऱ्या फडावर गेली आणि पुन्हा तेच. डॉक्टर नवे, आधीचा कागद नाही, पुन्हा पाच इंजेक्शनं. एप्रिलमध्ये ते माझ्यापर्यंत आले तेव्हा माझ्या लेखी तो पहिला न्यूमोनिया होता. त्या मुलाचा तो तिसरा होता.

छातीच्या फोटोत डावीकडे खालच्या बाजूला पांढरा डाग होता. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, वाफ. आठवड्याने मूल हसत घरी गेलं. तीन आठवड्यांनी परत आलं आणि फोटोत त्याच जागी तोच डाग. मी औषध बदललं, जास्त जड दिलं. क्षयासाठी जठरातलं पाणी काढून पाठवलं, त्यात काही निघालं नाही. तरी क्षयाची औषधं सुरू करून टाकावीत, असं माझ्या मनात घोळत होतं.

त्या रात्री वॉर्डातल्या सिस्टरनी मुलाच्या आईला विचारलं, "याला मधी कधी ठसका लागला होता का गं?" आई म्हणाली, "लागला होता की. भाकरीसंगं खरडा खाताना. निळा पडला पार. मी पाठीत थापट्या मारल्या तवा रडला. पण त्याला लई दिवस झाले, थंडीतलं हाय ते."

पाच महिने झाले होते.

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. एकाच जागी पुन्हा न्यूमोनिया झाला की नळीत काही अडकलंय का ते बघायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. मी विचारलं नाही. ती चूक माझी आहे आणि तिची किंमत त्या मुलाचं फुप्फुस मोजतंय. पुढे जे झालं ते मात्र माझ्या एकट्याच्या हातात नव्हतं.

लहान मुलाच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघायची सोय शोधण्यात आमचे चार दिवस गेले. एका ठिकाणी दुर्बीण दुरुस्तीला गेलेली. दुसऱ्या ठिकाणी दुर्बीण होती, पण मोठ्या माणसांची. तिसऱ्या ठिकाणी सगळं होतं, पण लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर रजेवर. हे सगळं मी माझ्या मोबाइलवरून, ओळखीपाळखीने, वर्गमित्रांना उठवून विचारत होतो, कारण असं काम कुठे होतं याची कुठलीही यादी माझ्याकडे नव्हती. आजही नाही. दरम्यान मुलाच्या वडिलांनी कुणाकडून तरी खासगी दवाखान्यातला खर्च ऐकला आणि मुकादमाकडे पुढच्या हंगामाची उचल मागून ठेवली. मूल अजून जागेवरून हललंही नव्हतं, तेवढ्यात आईबाप पुढच्या वर्षीसाठी बांधले गेले होते.

शेवटी सहा तासांवरच्या एका शहरात जागा मिळाली. मी रजा टाकून गेलो आणि थिएटरमध्ये उभा राहिलो. पडद्यावर जे दिसलं ते सांगतो, कारण ही तपासणी म्हणजे नेमकं काय हे निर्णय घेणाऱ्यांनी एकदा डोळ्यांसमोर आणावं असं मला वाटतं.

नाकातून गेलेली बारीक, काळी, लवचिक नळी घशात उतरली. स्वरयंत्राच्या पांढऱ्या दोन पट्ट्या दिसल्या. त्यांच्यावर भूल देणारं औषध सोडून डॉक्टर क्षणभर थांबले, पट्ट्या उघडल्या आणि दुर्बीण आत गेली. निरोगी श्वासनलिका फार देखणी असते, फिकट गुलाबी, एकामागे एक कमानी लावाव्यात तशी. पुढे तिला फाटा फुटतो. उजवीकडची वाट स्वच्छ होती. डावीकडे चार पावलं गेल्यासारखं वाटलं आणि गुलाबी रंग संपला. लालभडक मांस वाढलेलं, जरा लागलं की रक्त येणारं. त्यात रुतून बसलेलं पिवळट काहीतरी, आणि त्याच्या कडेने दर श्वासाबरोबर वर येणारा पू. मग लवचिक दुर्बीण काढून सर्जननी धातूची सरळ, कडक दुर्बीण घातली. अडकलेली वस्तू काढायला तीच भरवशाची, कारण तिच्यातून श्वासही देता येतो आणि चिमटाही घालता येतो. दाणा मऊ झाला होता, तुटत होता. तीन वेळा चिमटा आत गेला. निघाला तो अर्धा शेंगदाणा. त्याच्या मागे साठलेला पू मशीनने ओढला तेव्हा बाटलीचा तळ झाकला गेला.

शेंगदाणा फुप्फुसात गेला की नुसता पडून राहत नाही. ओलाव्याने फुगतो, त्यातल्या तेलाने नळीचं अस्तर सुजतं, पुढच्या भागात हवा जायची बंद होते, कफ साठतो, सडतो. त्याला आम्ही न्यूमोनिया म्हणतो आणि अँटिबायोटिक देतो. औषधाने ताप उतरतो, दाणा तिथेच राहतो. छातीच्या साध्या फोटोत दाणा दिसत नाही, आणि सुरुवातीला फोटो अगदी चांगलाही येऊ शकतो. म्हणून ठसक्याची हकीकत पक्की असेल आणि एका बाजूचा श्वास कमी ऐकू येत असेल, तर फोटो चांगला आहे म्हणून घरी पाठवायचं नसतं.

त्या आईने मला नंतर एकच विचारलं, "आता खरडा करायचाच नाही का?" करा, पण लेकराच्या ताटात बारीक कुटाचा; चार-पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खा किंवा फुटका शेंगदाणा, फुटाणे, हरभरे, सुपारीचं खांड हाताला लागू द्यायचं नाही. हे मी तिला सांगितलं. अंगणवाडीच्या भिंतीवर मात्र मी हे कुठे लिहिलेलं पाहिलेलं नाही.

गुस्ताव्ह किलियन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९७ साली एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून अडकलेलं हाड नळी घालून बाहेर काढलं, तिथून ही विद्या सुरू झाली. जपानचे शिगेतो इकेदा यांनी १९६० च्या दशकात लवचिक दुर्बीण आणली आणि पुढच्या दशकाअखेर ती मुलांसाठीही वापरली जाऊ लागली. म्हणजे मी काही कालपरवाची, परदेशातून मागवायची चैनीची गोष्ट मागत नाही.

आता दुसरी बाजूही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवी, नाहीतर या पत्राचा उलटा उपयोग व्हायचा. न्यूमोनिया झालेल्या बहुतेक मुलांना दुर्बिणीची अजिबात गरज नसते. त्यांना वेळेवर ओळखणारी आशाताई लागते, जी मुलाचा अंगरखा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजेल. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर जास्त धोका. त्यांना अमॉक्सिसिलिनसारखं साधं अँटिबायोटिक लागतं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर लागतं, ऑक्सिजन लागतो. २०१९ साली जगात पाच वर्षांच्या आतली ७ लाख ४० हजार मुलं न्यूमोनियाने गेली. त्यातली बहुसंख्य या साध्या गोष्टी वेळेत न मिळाल्याने गेली, दुर्बीण नव्हती म्हणून नव्हे. न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूवरची न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली, सहा आणि चौदा आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात मोफत मिळते. ते काम फार मोठं झालं आणि त्याबद्दल मनापासून आभार. पण टोळीबरोबर फिरणाऱ्या मुलांचा तिसरा डोस किती वेळा हुकतो, तेवढं जरूर तपासा.

दुर्बीण लागते ती उरलेल्या थोड्या मुलांना. योग्य औषध चालू असूनही ज्यांची तब्येत ढासळत जाते. ज्यांना त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. ज्यांचं एक अख्खं फुप्फुस फोटोत पांढरं होऊन मिटतं. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेली, किंवा ज्यांची प्रतिकारशक्तीच तोकडी आहे अशी मुलं, ज्यांच्या छातीत जंतू आहे की बुरशी हे ओळखल्याशिवाय औषध ठरवताच येत नाही. आणि क्षयाची गाठ बाहेरून नळी दाबते आहे किंवा नळीत फुटली आहे अशी शंका असलेली. त्यांच्यात दुर्बीण तीन कामं करते : आत काय आहे ते दाखवते, तिथला नमुना आणते आणि वाट मोकळी करते.

नमुना आणायची रीत साधी आहे. फुप्फुसाच्या आजारी भागात दुर्बिणीचं टोक अडकवून शरीराच्या तापमानाचं सलाईन सोडायचं, मुलाच्या वजनाच्या दर किलोला साधारण एक मिली, असं तीनदा, आणि लगेच परत ओढायचं. या पाण्यात खोल आतले जंतू मिळतात. घशातल्या कफात मिळणारे जंतू घशातलेच असू शकतात, त्यावर विसंबून आम्ही कितीतरी मुलांना जड जड अँटिबायोटिक देत राहतो. मला या तपासणीचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो हाच, की कधी कधी ती औषध बंद करायला सांगते. पण ते पाणी तासाभरात प्रयोगशाळेत पोचलं पाहिजे आणि तिथे ते तपासणीला कसं लावायचं हे माहीत असलेलं माणूस हवं. शनिवारी दुपारी काढलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहणार असेल तर मुलाला तो त्रास द्यायचा कशाला?

वाट मोकळी करण्याचं काम मी नंतर त्याच शहरातल्या रुग्णालयात पाहिलं. पाच वर्षांची मुलगी, व्हेंटिलेटरवर, डावं फुप्फुस पूर्ण मिटलेलं. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा न्यूमोनिया होता. या जंतूच्या जोरदार आजारात काही मुलांच्या नळ्यांत चिवट कफाचे गोळे जमतात, नळीच्या आकाराचेच, फांद्या फुटल्यासारखे. औषध रक्तातून फुप्फुसापर्यंत पोचतं, पण तो गोळा त्याने विरघळत नाही. सलाईनने सैल करत, ओढत, थांबत, मुलीचा ऑक्सिजन सावरू देत तासभर काम चाललं. शेवटी निघालेला तुकडा करंगळीएवढा होता. संध्याकाळच्या फोटोत डावीकडे काळी हवा परत दिसत होती. २०२३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर उत्तर चीनमध्ये मुलांच्या न्यूमोनियाची लाट आली, त्यातही मायकोप्लाझ्माचा मोठा वाटा होता. तेव्हा केंद्राने राज्यांना तयारी तपासायला सांगितलं होतं. आमच्याकडेही खाटा मोजल्या, ऑक्सिजन मोजला. मुलांच्या दुर्बिणीबद्दल मला कुणी विचारलं नाही.

तपासणीत धोका आहे, तोही लपवण्यात अर्थ नाही. आधीच दमलेल्या मुलाच्या इवल्याशा नळीत आपण अजून एक नळी घालत असतो. ऑक्सिजन खाली येतो, स्वरयंत्र आवळू शकतं, रक्त येऊ शकतं, क्वचित फुप्फुसाभोवती हवा साठते, त्या रात्री ताप तर बऱ्याच मुलांना येतो. नळीची रुंदी निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा सोळापट होतो, हे भौतिकशास्त्र लहान मुलाला सवलत देत नाही. शिवाय गंभीर न्यूमोनियात सरसकट दुर्बीण घातल्याने जास्त मुलं वाचतात, असं ठामपणे सांगणारा भक्कम पुरावा आज आमच्या हातात नाही. जो आहे तो बराचसा एकेका रुग्णालयाच्या अनुभवावर उभा आहे. म्हणून हे काम प्रत्येक जिल्ह्यात सुरू करा, असं मी म्हणत नाही. वर्षाला पाच मुलांवर हात बसत नसतो. जिथे मुलांचा अतिदक्षता विभाग आहे, भूलतज्ज्ञ आहेत, पुरेशी मुलं येतात, तिथेच ते व्हावं.

आरोग्य सेवेची राज्यात आठ परिमंडळं आहेत : ठाणे, नाशिक, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अकोला, नागपूर. प्रत्येकात एक तरी सरकारी ठिकाण असं ठरवा, जिथे लहान मुलांची ब्रॉन्कोस्कोपी वर्षाचे ३६५ दिवस होईल. नुसतं उपकरण खरेदी करून हे होणार नाही. यादीत 'ब्रॉन्कोस्कोप : १' असं लिहिलेलं असतं आणि तो पाच-सहा मिलिमीटर जाडीचा, मोठ्यांचा निघतो. तान्ह्या बाळाची अख्खी श्वासनलिकाच चार-पाच मिलिमीटरची. मुलांसाठी २.८ मिलिमीटरची लागते, जिच्यात कफ ओढायला १.२ मिलिमीटरची वाट असते. अगदी लहानांसाठी २.२ ची, जिच्यातून फक्त बघता येतं. कडक दुर्बिणीचा मुलांच्या मापांचा संच आणि दाणे पकडायचे चिमटे वेगळे. लवचिक दुर्बीण फार नाजूक असते, एकदा जास्त वाकली किंवा मुलाने दात लावले की आतून फुटते. म्हणून दोन हव्यात आणि दुरुस्तीचा करार खरेदीच्या दिवशीच झालेला हवा. ती धुणारं माणूसही कायमचं हवं. प्रत्येक वापरानंतर गळती तपासायची, आतली वाट ब्रशने घासायची, जंतुनाशकात ठरलेला वेळ ठेवायची, पूर्ण कोरडी करून उभी टांगायची. यातली एक पायरी चुकली तर एका मुलाचे जंतू दुसऱ्या मुलाच्या फुप्फुसात आपणच सोडतो. हे काम रोज बदलणाऱ्या कंत्राटी माणसावर ढकलू नका, ही कळकळीची विनंती.

आणि तो रस्ता. प्रत्येक परिमंडळासाठी एक फोन नंबर हवा, जो चोवीस तास उचलला जाईल आणि पलीकडे मुलांचे डॉक्टर असतील. त्यांनी हकीकत ऐकून सांगावं की पाठवा, किंवा पाठवू नका, अजून दोन दिवस हे करून बघा. पाठवायचं ठरलं की खाट पक्की, १०८ ची गाडी ऑक्सिजनसह पक्की, मूल किती तास उपाशी ठेवायचं हे आधीच सांगितलेलं. आज आम्ही चिठ्ठीवर 'पुढील उपचारासाठी वर पाठवत आहोत' एवढंच लिहितो आणि आईबापांना एसटी स्टँडच्या दिशेने सोडून देतो. वर म्हणजे कुठे, हे त्या चिठ्ठीत नसतं.

पैशाचंही एक आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत मूल दाखल करताना निदान लिहावं लागतं. दुर्बिणीने बघायच्या आधी निदान न्यूमोनिया असतं, बघितल्यावर ते बदलतं. तपासणी करून आत काहीच सापडलं नाही, तरी ती वाया गेली असं कुणी धरू नये. दाणा नाही हे कळणं हाही त्या मुलाच्या उपचाराचा भाग आहे. या कारणावरून खालच्या माणसाला तपासणीचे पैसे अडवता येणार नाहीत असा स्पष्ट आदेश निघावा.

मुलाच्या केसपेपरवर एक छापील ओळ घाला : 'खाताना-खेळताना अचानक ठसका लागला होता का? कधी?' या ओळीला शाईपलीकडे खर्च नाही. जी हकीकत मला पाच महिने उशिरा कळली ती कारखान्याजवळच्या पहिल्या डॉक्टरला डिसेंबरातच कळली असती. आणि ऊसतोड कुटुंबांच्या मुलांना एक जाड कार्ड द्या, लसीकरण आणि प्रत्येक आजारपणाची नोंद असलेलं, जे कोपीच्या आढ्याला अडकवून ठेवता येईल.

तो मुलगा आता शाळेत जातो. सीटी स्कॅनमध्ये डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या नळ्या कायमच्या रुंदावलेल्या दिसतात. दर थंडीत त्याला खोकला होतो, सकाळी आई त्याला मांडीवर पालथं घालून पाठ थोपटते आणि कफ काढते. हे तिला आयुष्यभर नाही तरी अजून बरीच वर्षं करावं लागेल. दाणा पहिल्या आठवड्यात निघाला असता तर बहुधा यातलं काहीच उरलं नसतं.

दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा निघतील. आठ परिमंडळांची सोय उभी राहायला वेळ लागेल हे मला समजतं. पण आज राज्यात लहान मुलांची ब्रॉन्कोस्कोपी कुठे कुठे होते, कोणत्या दिवशी, कोणत्या फोनवर, ही एका पानाची यादी हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयात पोचू शकते. आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्या डॉक्टरांना एका खोलीत बसवून ती समजावून सांगायचं काम माझ्याकडे द्या. मी ते रविवारी करीन.

आपला विश्वासू,
मराठवाड्यातला एक बालरोगतज्ज्ञ